सरासरी बिल

मरोळला, आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत
एक पाय चालतो, ज्याला माणूस नाही.
खुब्याचा दांडा, सिमेंटमध्ये अर्धा पुरलेला,
सदतीस अंशांच्या मिठाच्या पाण्यात,
वरून दाब, सोड, दाब, सोड,
सेकंदाला पाच पावलं.
तेवीस दिवसांत एक कोटी होतात.
मधे गणपती आले तरी तो थांबत नाही.
मी घरी जाते, गवार मोडते, झोपते,
माझी हाडं रात्रीतून आपली आपण डागडुजी करून घेतात.
धातूला ती सोय नाही.
त्याला झालेलं सगळं त्याच्यापाशीच राहतं.

आम्ही याला थकवा म्हणतो, दुसरा शब्द नाही म्हणून.
वाकत नाही, कण्हत नाही, रजा मागत नाही.
आदल्या दिवसापर्यंत सगळं ठीक,
आणि मग बसला हात दाखवताना
फुटपाथवरून एक पाऊल खाली.
एवढंच निमित्त.

सुदाम खारकर, वय एकोणसत्तर.
बेस्टच्या वीजखात्यात मीटर रीडर होते.
शिवडी, काळाचौकी, जिन्यांखालचा अंधार,
टॉर्च दातांत धरून चौतीस वर्षं
आकडे उतरवले.
उजवा खुबा बसवला, तो चार वर्षं तीन महिने गेला.
बेचाळीस लाख पावलं, साधारण.

तुटका तुकडा परळहून आला, प्लास्टिकच्या डबीत.
अडीच महिन्यांनी काठी टेकत ते स्वतः आले.
"बघायचाय," म्हणाले. "माझाच ना?"
पण नजर आधी दारातल्या मीटरकडे.
"हा आमचा नाही. उपनगरातला."
जरा नाराजीनेच.

भिंगाखाली तुटलेल्या तोंडावर रेघा दिसतात,
ओहोटीचं पाणी वाळूत ठेवून जातं तशा,
एकीबाहेर एक.
त्यांवरून उलटं चालत गेलं
की सुरुवातीच्या ठिपक्यापाशी पोचतो.
तिथे गंज नव्हता. ओतकामातला बुडबुडा नव्हता.
डॉक्टरांचा हात चुकला नव्हता.
तिथे लेझरने कोरलेला क्रमांक होता.
दांड्याच्या मानेवर, बाहेरच्या अंगाला,
ताण जिथे सगळ्यात जास्त, नेमका तिथेच
कुणीतरी सुबक नंबर घातला होता,
घोटाळा होऊ नये म्हणून.

आमच्याकडे चाचणीला आलेले सहा दांडे कोरे होते.
सहाही कोटी चालले.
दाखल्याखाली सही माझी आहे.

हे मी त्यांना सांगितलं.
सांगायचं ठरवलं नव्हतं.

ते भिंगावर वाकून बराच वेळ वाचत राहिले,
ओठ हलत होते.
"चार, शून्य, दोन, नऊ,
पुढचा फुटलाय. सात असेल नाहीतर एक."
मग सरळ होत, कमरेला हात लावून:
"दार बंद असलं की आम्ही सरासरी बिल लावायचो.
आधीच्या महिन्यांवरून.
पुष्कळदा बरोबर यायचं."

"पुष्कळदा," मी म्हटलं.

यंत्र चालूच होतं.
त्यांनी खिशातून वही काढली, सवयीनं,
काउंटरवरचा आकडा उतरवायला लागले,
एकसष्ट लाख अडतीस हजार दोनशे,
शेवटचे दोन आकडे काही हाती लागेनात,
तिथे दोन ठिपके दिले.
"उद्या या वेळेला?"
"आणखी चार लाख बत्तीस हजार."
"एवढा वापर!" ते पहिल्यांदा हसले.
"कुणाच्या नावावर आहे?"

या वेळच्या नमुन्यावर नंबर आहे.
त्याच जागी, तेवढाच खोल, मी मागून घेतलेला.
हे मात्र सांगायचं राहिलं,
चहा आला, तो सांडला, वही पुसण्यात वेळ गेला.

ते जिना उतरले. मी मोजलं नाही.
आमच्याकडे सतरा पायऱ्या आहेत,
आणि खाली गेल्यावर, फाटकाशी,
एक अठरावी, कुणाच्या लक्षात न येणारी.